स्ट्रोबिंग चालू केलं की माउस जड का वाटतो?

कॉलेज रोडला माझा छोटा गेमिंग कॅफे आहे. तिथे येणारी मुलं फिरून फिरून एकच विचारतात, "काका, मॉनिटरचं स्ट्रोबिंग लावलं की पळतं चित्र एकदम स्वच्छ दिसतं, पण माउस जड का होतो? चालू ठेवू की बंद?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. स्ट्रोबिंग म्हणजे पडद्यामागचा दिवा, बॅकलाइट, सतत न ठेवता प्रत्येक चित्रागणिक झळकवून विझवणं.

कॅफेच्या आधी मी अंबड एमआयडीसीत लेथवर होतो. चोकवाली ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्या ठोक्यात लेथचा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा भाग, सापडला, की तो थांबल्यासारखा दिसायचा. शॉपफ्लोअरवर ते जिवावर बेतणारं होतं. मॉनिटरमध्ये मात्र तीच युक्ती मुद्दाम वापरतात.

एलसीडी प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवते. आपली नजर मात्र पळणाऱ्या गड्यामागे सरकत राहते, म्हणून ते थबकलेलं चित्र डोळ्यात फरफटतं. १४४ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेमना, एक फ्रेम ६.९ मिलिसेकंद टिकते. सेकंदाला १४४० पिक्सेल धावणारी आकृती तेवढ्यात १० पिक्सेल पसरते. स्ट्रोबिंगमध्ये पिक्सेल बदलेपर्यंत बॅकलाइट विझलेला असतो, मग जेमतेम १ मिलिसेकंद झळकतो. पसरणं उरतं दीड पिक्सेल.

आता उशिराचं. पॅनल वरून खाली ओळीओळीने भरतं. वरच्या ओळी तयार होऊनही अंधारात ताटकळतात, त्यांना जवळपास अख्ख्या फ्रेमचा उशीर होतो. मधोमध, जिथे क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, असतो, तिथे अर्ध्या फ्रेमचा, म्हणजे साधारण ३.५ मिलिसेकंद. तळाला जवळजवळ काहीच नाही, पण तिथल्या पिक्सेलना स्थिरावायला सवड मिळत नाही, म्हणून खाली मागच्या फ्रेमची सावली दिसते.

एवढ्या ३.५ मिलिसेकंदांनी हात जड होतो, असं मला वाटत नाही. खरा जडपणा बहुतेक वेळा व्ही-सिंकचा, म्हणजे गेमच्या फ्रेम मॉनिटरच्या ठोक्याला जुळवणाऱ्या सेटिंगचा असतो. फ्रेम आणि झळक यांचा मेळ बसला नाही तर आकृत्या दुहेरी दिसतात. ते टाळायला मुलं व्ही-सिंक लावतात आणि त्याच्या रांगेत फ्रेम अडकतात. शिवाय बऱ्याच मॉनिटरवर स्ट्रोबिंग लावताच बदलता रिफ्रेश रेट, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे मॉनिटरचा वेग बदलण्याची सोय, बंद पडतो.

म्हणून ज्या मशीनवर गेम १२० फ्रेमच्या खाली कधी येत नाही, तिथे मी मॉनिटर १२० हर्ट्झला, फ्रेम १२०ला बांधलेल्या आणि व्ही-सिंक बंद ठेवतो. चित्र क्वचित चिरतं, म्हणजे दोन फ्रेमचे तुकडे एकदम दिसतात, ते चालतं. डोकं दुखायला लागलं तर मात्र लगेच सांगा, स्ट्रोबिंग बंद करू. खिडकीजवळच्या मशीनवर ते कायमच बंद आहे. तिथे सकाळचं ऊन येतं आणि झळकांच्या त्या मंद उजेडात कोपऱ्यातला गडी दिसतच नाही.