उडवलेला एनएडी

एम. फार्म.ची ही मुलगी सांगोल्याची, घरी डाळिंबाची बाग. सालीतलं एलाजिक ॲसिड क्षयाच्या जंतूचं इन्हा हे एन्झाइम अडवतं का, हे तिनं डॉकिंग करून, म्हणजे रेणू एन्झाइमच्या खोबणीत संगणकावर बसवून, पाहिलं. स्कोअर उणे दहाच्याही खाली; जितका खाली, तितकी पकड घट्ट मानायची. तिचे गाइड खूश. "सोलापूरचं डाळिंब आणि टीबी! पेपर झालाच समजा, मॅडम."

मी विचारलं, "रीडॉकिंग केलंस?" एन्झाइमच्या स्फटिकात मुळात जो रेणू बसलेला सापडला, तोच प्रोग्रामला परत बसवायला द्यायचा. मूळ जागेच्या 2 अँगस्ट्रॉमच्या आत आला, तरच पुढचे आकडे बघायचे. तिनं केलं नव्हतं. आमच्याकडे फारसं कुणी करत नाही, आणि याचा मला राग येतो. काही मिनिटांचं तर काम.

दुपारी वीज गेलेली, पंखा बंद, एप्रिलचं ऊन. लॅपटॉपच्या बॅटरीवर आम्ही दोघी बसलो. रीडॉकिंगचा फरक सात अँगस्ट्रॉमच्या वर आला. ग्रिड बॉक्स बरोबर, हायड्रोजन बरोबर, चार्ज बरोबर. शेवटी रिसेप्टरची, म्हणजे एन्झाइमची, फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकेक ओळ वाचली. एनएडी, म्हणजे इन्हाला कामासाठी लागणारा जोडीदार रेणू, त्यात नव्हताच.

प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या संग्रहातल्या फाइलमध्ये प्रोटीनचे अणू 'ॲटम'च्या ओळींत असतात. पाणी, क्षार, बाकीचे रेणू 'हेटॲटम'च्या. आमच्या प्रॅक्टिकलच्या झेरॉक्समध्ये लिहिलंय, सगळे हेटॲटम उडवा. पाण्याबरोबर एनएडीही उडाला. स्फटिकातला रेणू एकीकडे इन्हाच्या टायरोसिन 158 या अमिनो ॲसिडला आणि दुसरीकडे एनएडीच्याच रायबोज या साखरेला धरून बसतो. 1952 पासून वापरात असलेलं क्षयावरचं औषध आयसोनियाझिडसुद्धा आधी एनएडीला जोडलं जातं, मगच इन्हाला अडवतं. इथे एलाजिक ॲसिड एनएडीच्याच रिकाम्या खोबणीत ऐसपैस बसलं होतं. प्रोग्राम कुठेही अडला नाही. त्यानं इमानानं आकडा काढून दिला.

एनएडी परत ठेवला. रीडॉकिंग दीडच्या आत आलं, एलाजिक ॲसिडचा स्कोअर कमजोर झाला. गाइड म्हणाले, "जुनाच आकडा राहू दे ना." मी सही दिली नाही.

पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मागच्या बॅचनं पण हीच झेरॉक्स वापरली ना?"

रात्री कपाटातला एक बांधीव प्रबंध घरी आणला. त्यावर माझी सही आहे. एन्झाइम हेच. रिसेप्टर तयार करण्याच्या पानावर सरळ लिहिलंय, 'सर्व हेटॲटम काढून टाकले.' त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.