तुम्ही विचारलंत म्हणून: कवितेतला छंद आणि तिकिटांचा छंद

वृत्तांविषयी कुठे चार शब्द बोललो, की शेवटी कोणीतरी हमखास विचारते, ‘ओवी-अभंग हेही छंद आणि पोस्टाची तिकिटे जमवणे हाही छंद, हा शब्द एकच कसा?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संस्कृतात हे शब्द दोन आहेत. ‘छन्दस्’ हा सकारान्त, नपुंसकलिंगी. त्याचा अर्थ अक्षरांच्या मापात बांधलेली रचना आणि पुढे खुद्द वेदही, म्हणूनच पाणिनी ‘छन्दसि’ म्हणतो तेव्हा त्याला ‘वेदात’ असे सांगायचे असते. ‘छन्द’ हा अकारान्त, पुल्लिंगी; त्याचा अर्थ इच्छा, मर्जी, आणि तो आपल्या ‘स्वच्छंदा’त आजही टिकून आहे. मराठीत ‘छन्दस्’चा शेवटचा ‘स्’ गळाला आणि दोघे दिसायला सारखे झाले.

पण हे साम्य नुसत्या दिसण्याचे नसावे. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा निरुक्तकार यास्क ‘छन्दांसि छादनात्’ म्हणतो, म्हणजे झाकतो तो छंद. छांदोग्य उपनिषदात तर मृत्यूला भ्यालेले देव वेदविद्येत शिरले आणि त्यांनी छंदांनी स्वतःला झाकून घेतले, अशी कथाच आहे. कथा मोठी देखणी आहे, व्युत्पत्ती म्हणून मात्र मला ती ओढूनताणून आणलेली वाटते. धातूंपासून शब्द कसे बनतात ते सांगणारी व्याकरणातली उणादिसूत्रे हा शब्द आनंद देणे या अर्थाच्या ‘चन्द्’ धातूपासून साधतात, ज्यापासून ‘चंद्र’ही होतो. माझा कौल याच बाजूला आहे, कारण कानाला सुखावणारी रचना आणि जिवाला सुखावणारा नाद हे दोन्ही अर्थ तिथे एका घरात नांदू शकतात.

मराठी छंदःशास्त्राने, विशेषतः माधव जूलियनांनी, या शब्दाचा अर्थ आणखी आवळला. गणांचे ते वृत्त, मात्रांची ती जाती आणि लघुगुरूंचा हिशेब न ठेवता केवळ अक्षरे मोजायची तो छंद. तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान’ बोटांवर मोजून पाहा: सुंदर ते ध्यान, सहा, उभे विटेवरी, सहा, कर कटावरी, पुन्हा सहा, आणि ‘ठेवोनियां’ची चारच. वैदिक गायत्रीतही आठ-आठ अक्षरांचे तीन चरण मोजायचे असतात, पण ‘तत्सवितुर्वरेण्यं’ची अक्षरे सातच भरतात. त्यावर प्राचीन छंदःशास्त्रकार पिंगलाने तोड काढून ठेवली आहे: ‘ण्यं’ फोडून ‘णियं’ असे मोजावे.