ड्रेसवर अंगठा ठेवून बघितलेले फोटो

गेले दोन महिने रात्री एकच काम चाललंय, फॅशन फोटोग्राफर्सचा अभ्यास. सुरुवात सगळे करतात तशीच केली, फोटो आवडला की सेव्ह, आणि बघता बघता चारशे फोटोंचं फोल्डर झालं, पण अ‍ॅव्हेडॉन आणि पेन या दोन फोटोग्राफर्समध्ये फरक काय असं कुणी विचारलं असतं तर एक वाक्यही धड सांगता आलं नसतं. मग एक सवय लावून घेतली. फोटो उघडायचा, ड्रेसवर अंगठा ठेवायचा आणि जे उरतं ते बघायचं: उजेड कुठून येतोय, मागे काय आहे, पाय जमिनीला टेकलेत का.

पायांवरूनच मला अ‍ॅव्हेडॉन कळायला लागला. त्याच्या आधी मार्टिन मुंकाची बघावा लागतो. हा हंगेरीचा, मूळचा स्पोर्ट्स फोटोग्राफर, आणि 1933 मध्ये त्याने हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी मॉडेलला थंडीच्या दिवसात समुद्रकिनाऱ्यावर चक्क पळायला लावलं. तोवर फॅशनच्या फोटोत बायका पुतळ्यासारख्या उभ्या असायच्या हो! अ‍ॅव्हेडॉन लहानपणी मुंकाचीचे फोटो मासिकातून कापून भिंतीला लावायचा, आणि 1957 मध्ये पॅरिसमध्ये त्याने छत्री घेऊन फुटपाथवरून उडी मारणाऱ्या कारमेन या मॉडेलचा फोटो काढला, त्याला नावच दिलं मुंकाचीला मानवंदना म्हणून. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, एखाद्या घराण्याची चीज गुरूकडून शिष्याकडे कशी येते तसं वाटतं.

त्याचाच 1955 चा डोव्हिमा ही मॉडेल आणि हत्ती यांचा फोटो सगळ्यांना माहीत असतो. पॅरिसची एक सर्कस, डिऑर या फॅशन हाऊसचा काळा गाऊन, पांढरा लांब पट्टा. मी गाऊन झाकला तेव्हा पहिल्यांदाच हत्तीच्या पायातली साखळी दिसली, आणि मग ती नजरेतून जाईचना. इतक्या नाजूक पोझशेजारी ती जाड कातडी आणि ती साखळी, फोटोचा सगळा ताण तिथेच आहे असं माझं मत आहे. अ‍ॅव्हेडॉनला स्वतःला मात्र तो पट्टा हवा तसा पडला नाही ही खंत शेवटपर्यंत होती.

अर्विंग पेनकडे आलं की सगळं शांत. 1950 मध्ये व्होग या फॅशन मासिकासाठी पॅरिसला गेला, वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ, उत्तरेकडून येणारा मऊ उजेड आणि पाठीमागे नाटकाचा एक जुना पडदा, डागांसकट. आता मला सगळ्यात भिडलेली गोष्ट सांगते. त्याच काळात त्याने खाटीक, मासे विकणारे असे कष्टकरी लोकही बोलावले, कामाच्या कपड्यात आणि हातात आपापली अवजारं घेऊन, आणि त्यांना त्याच साध्या पार्श्वभूमीवर, तसल्याच उजेडात उभं केलं. महागडा गाऊन घातलेली बाई आणि तो खाटीक, दोघांनाही सारखाच मान. मी त्या फोटोंवर तासभर होते, उजेड डाव्या गालावर किती येतो आणि कुठे मावळतो ते बघत.

पीटर लिंडबर्ग थोडक्यात सांगते कारण त्याच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. जानेवारी 1990 चं ब्रिटिश व्होगचं कव्हर, न्यूयॉर्कचा रस्ता, पाच मॉडेल्स, ब्लॅक अँड व्हाइट, चेहऱ्यांवर मेकअप जेमतेम. तो जर्मनीतल्या डुइसबर्गमध्ये कारखान्यांच्या आसपास वाढला हे कळल्यावर त्याच्या फोटोंत मागे सारखं लोखंड आणि यंत्रं का येतात ते लक्षात आलं.

हेल्मुट न्यूटनशी मात्र माझं अजून जमत नाही. त्याच्या बऱ्याच फोटोंतला थंडपणा मला टोचतो. पण 1975 चा र्‍यू ऑब्रियोचा फोटो, पॅरिसमधली रात्रीची अरुंद गल्ली, रस्त्यावरचे दिवे, डिझायनर सेंट लॉरांचा पुरुषी सूट घालून सिगरेट घेऊन उभी असलेली मॉडेल, तो ग्रेटच आहे, आणि सूट झाकला तरी उभं राहण्याची ती ऐट तशीच राहते.

त्याची माहिती शोधताना कळलं की पोरसवदा असताना तो बर्लिनमध्ये यीव्हा नावाच्या बाईंकडे शिकला. त्या स्वतः फॅशन फोटोग्राफर, स्वतःचा स्टुडिओ होता, ज्यू होत्या. न्यूटन 1938 मध्ये जर्मनीतून निसटला, यीव्हांना 1942 मध्ये नाझींनी पकडून नेलं आणि मारलं. माझ्या चारशे फोटोंच्या फोल्डरमध्ये त्यांचा एकही फोटो नव्हता. काल रात्रीपासून त्यांचेच शोधतेय, आत्तापर्यंत सहा मिळालेत.