जॅझच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका : पावसाळ्याआधीची नोंद

अमेरिकी बँडप्रमुख पॉल व्हाइटमनच्या १९२४-२५च्या अमेरिका दौऱ्याची पत्रिका अखेर संग्रहात आली. कडा पिवळ्या पडल्यात, पिनेभोवती गंजाचा डाग आहे आणि आत कुण्या श्रोत्याने दोन रचनांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा केल्यात. कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा मला ही अधिक मोलाची वाटते. ती हातात धरून कुणीतरी खरोखर तो बँड ऐकला आहे.

व्हाइटमनची पत्रिका घेताना आधी तारीख बघा. न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये १२ फेब्रुवारी १९२४च्या दुपारी व्हाइटमनच्या बँडकडून अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ ही रचना लोकांनी पहिल्यांदा ऐकली. पियानोवर स्वतः गर्श्विन होता. पण तोच कार्यक्रम ७ मार्चला तिथेच आणि २१ एप्रिलला कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा झाला, आणि विकणारे सगळ्यालाच ‘पहिला प्रयोग’ म्हणतात. पहिल्या दिवसाचा छापील क्रम विलक्षण आहे. सुरुवात ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’ने, शेवट इंग्रज संगीतकार एल्गारच्या मार्चने, आणि ‘ऱ्हॅप्सडी’ शेवटून दुसरी! उद्या लोकांच्या लक्षात काय राहणार, हे पत्रिका छापताना कुणालाच ठाऊक नव्हतं. रेकॉर्डमध्ये हे सापडत नाही, म्हणून मी कागदामागे लागलो.

अस्सल-नक्कल तपासायला दहापट भिंग आणि अतिनील टॉर्च पुरतात. खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरांच्या) छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार दिसते आणि पानाच्या मागच्या बाजूला बोटाला ठसा लागतो. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत अक्षर ठिपक्यांत फुटतं. टॉर्चखाली पान निळंपांढरं चमकलं तर सरळ परत करा, कारण कागद उजळ करणारी ती रसायनं साधारण १९५०च्या सुमारास वापरात आली. १९३८च्या, क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीच्या नावाने आलेली एक पत्रिका मी याच कसोटीवर नाकारली.

पावसाळा तोंडावर आहे. पीव्हीसीची पाकिटं काढून सगळं पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवलं, मागे आम्लरहित पुठ्ठा. गंजलेली पिन उपटायची नाही, तिच्याखाली आम्लरहित कागदाची पट्टी सरकवायची. लॅमिनेशन कधीच नाही.

आता शोध जेम्स रीस युरोप या अमेरिकी बँडप्रमुखाच्या पत्रिकेचा. त्याच्या क्लेफ क्लब या संघटनेच्या कृष्णवर्णीय वादकांनी २ मे १९१२ला कार्नेगी हॉल भरवला, व्हाइटमनच्या जवळजवळ बारा वर्षं आधी. ती पत्रिका माझ्या खिशाला परवडणारी नाही, पण तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १९१३-१४मध्ये जेम्स रीस युरोपच्या बँडसोबत रेकॉर्ड करणारा कॉर्नेटवादक (कॉर्नेट हे ट्रंपेटसारखं वाद्य) क्रिकेट स्मिथ १९३६मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त दिसलेले गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट याच शहरातल्या जॅझमधले. तेव्हा चोरबाजारात १९३०च्या दशकातली हॉटेलची मेनूकार्डं दिसली तर मागची बाजू जरूर पाहा. त्या रात्रीच्या बँडचं नाव कधीकधी तिथेच छापलेलं असतं.