२१ वॉटचा बल्ब: थंड असताना ०.५२ ओहम, पेटल्यावर ६.८६

फ्लॅशर सर्किटचा मॉसफेट (बल्ब चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) दुसऱ्यांदा जळाला. बल्ब गाडीच्या इंडिकेटरचा, १२ व्होल्ट २१ वॉट. म्हणजे करंट २१ ÷ १२ = १.७५ अँपिअर, आणि मॉसफेट ५ अँपिअरचा. हिशेबात खोट सापडेना, म्हणून या रविवारी सर्किट बाजूला ठेवून नुसता बल्ब मोजायला घेतला.

बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट हवा तसा लावता येणारा टेबलावरचा पॉवर सप्लाय) आणि दोन मल्टिमीटर. एक मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, बल्बच्या सिरीजमध्ये. व्होल्टेज मात्र पहिल्या फेरीत सप्लायच्या डिस्प्लेवरूनच लिहून घेतलं, आणि तिथंच चुकलो. दुसरा मीटर थेट बल्बच्या टोकांना लावल्यावर डिस्प्ले १२.३५ आणि बल्बवर १२.००. मधले ०.३५ व्होल्ट तारांत, क्रोकोडाइल क्लिपांत आणि मीटरच्या लीड्समध्ये जात होते. ०.३५ ÷ १.७५ = ०.२ ओहम. ०.४५ अँपिअरवर पडताळलं तर फरक ०.०९ व्होल्ट, म्हणजे पुन्हा ०.२. पहिला अख्खा तक्ता फाडला. बल्बच्या बुडाला आणि टोपीला दोन बारीक तारा सोल्डर केल्या, फक्त व्होल्टेज मोजायला. नव्या फेरीतले आकडे:

१ व्होल्ट, ०.४५ अँपिअर: २.२ ओहम, ०.४५ वॉट
६ व्होल्ट, १.२० अँपिअर: ५.० ओहम, ७.२ वॉट
१२ व्होल्ट, १.७५ अँपिअर: ६.८६ ओहम, २१ वॉट

मधली ओळ बघा. रेझिस्टन्स कायम असता तर व्होल्टेज निम्मं केल्यावर पॉवर पाव व्हायला हवी होती, म्हणजे ५.२५ वॉट. भरली ७.२. फिलामेंट कमी तापलं, त्याचा रेझिस्टन्स उतरला, करंट निम्म्यापेक्षा जास्त राहिला. सूत्र पाठ असून हे असं हातात आल्याचा आनंद वेगळाच!

आता थंड बल्ब. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर भरवसा नाही. माझ्या मीटरचे प्रोब नुसते एकमेकांना टेकवले तरी ०.३ दाखवतो. त्यामुळे सप्लायची करंट लिमिट ५० मिलिअँपिअरवर ठेवली. बल्बवर २६ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.५२ ओहम. पॉवर जेमतेम १.३ मिलिवॉट, तेवढ्यानं फिलामेंट तापत नाही. आधी बल्ब पेटवला असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. (स्थिर सोर्ससाठी खुद्द शास्त्रज्ञ ओहमनंही खटपट केली होती: सेलचं व्होल्टेज हलतं म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथची थर्मोकपल घेतली (दोन धातूंची जोडणी, सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी), एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. नियम छापला १८२७ मध्ये.)

६.८६ भागिले ०.५२ म्हणजे तेरापट. टंगस्टनच्या हिशेबानं फिलामेंट २,६०० केल्विनच्या आसपास गेलं असणार.

मॉसफेटचा उलगडाही यातच दिसतोय. थंड बल्बला एकदम १२ व्होल्ट दिले तर १२ ÷ ०.५२ = २३ अँपिअर. तारांचे ०.२ ओहम धरले तरी १६ च्या वर.

पुढच्या रविवारी बॅटरीवर, सिरीजमध्ये १० मिलिओहमचा शंट (करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर) टाकून त्यावर स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावणार आहे. हिशेब बरोबर असेल तर पहिल्या क्षणी १६० मिलिव्होल्टच्या आसपास टोक दिसायला हवं, आणि मग ते झपाट्यानं १७.५ वर उतरायला हवं.