त्याच्या अक्षरांना वर रेघ नव्हती

"सर, दाखला कधी मिळेल?"

रात्रशाळेत हा प्रश्न निकालानंतर विचारतात. नोव्हेंबरात, तोही दहावीच्या पोराने विचारला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मी नुकताच बॅलार्ड इस्टेटमधल्या ऑफिसातून परळला पोचलो होतो, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात खडूचा डबा. सव्वासहा झाले होते. साडेसहाला पहिला तास.

"कुठला दाखला?"

"शाळा सोडल्याचा."

वर्गात त्याला सगळे 'स्टिकर' म्हणतात. लालबागला चिवडा गल्लीच्या मागे रेडियमचं, म्हणजे नंबर प्लेटी आणि पाट्यांची चिकट अक्षरं कापून देणारं, दुकान आहे, तिथे तो कामाला. वय एकोणीस. गावाला आठवीत शाळा सुटली, मामाकडे मुंबईत आला, चार वर्षं दुकानात काढली आणि मग कोणी न सांगता एका संध्याकाळी आमच्या शाळेची पायरी चढला. असे पोरगे आले की मास्तरला उगाच स्वतःचाच अभिमान वाटतो. मलाही वाटला होता.

"का सोडतोस?"

"स्टीव्ह जॉब्सने पण सोडलेलं ना कॉलेज? तुम्हीच सांगितलं सोमवारी."

माझी बोलतीच बंद झाली.

सोमवारचा प्रकार असा. मी दिवसा कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात कारकुनी करतो आणि संध्याकाळी मानधनावर इंग्रजीचे तास घेतो. धड्यातलं इंग्रजी पोरांच्या अंगाला लागत नाही, म्हणून मी अधूनमधून बाहेरचं काही झेरॉक्स काढून नेतो. या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठातलं अॅपलवाल्या जॉब्सचं भाषण नेलं होतं, १२ जून २००५ चं. इंग्रजी सोपं, वाक्यं छोटी, आणि माणसाने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की मी फक्त तीन गोष्टी सांगणार. दहावीच्या पोरांना एवढं पुरतं. शिवाय खरं सांगायचं तर ते भाषण माझं स्वतःचं लाडकं. डोंबिवली लोकलमध्ये खांबाला टेकून मी ते कितीदा वाचलं असेल याची गणती नाही.

तास रंगला. पहिल्या गोष्टीत जॉब्स सांगतो की सहा महिन्यांत कॉलेज सोडलं, मग मित्रांच्या खोल्यांत जमिनीवर झोपायचो, जेवणासाठी कोकच्या रिकाम्या बाटल्या परत देऊन पाच-पाच सेंट गोळा करायचो. हे वाचल्यावर पोरांनी माना वर केल्या. पाच सेंट म्हणजे किती सर? तो काळ १९७२-७३ चा, तेव्हाच्या दराने चाळीस पैशांच्या आतबाहेर, असा मी फळ्यावर हिशोब मांडला. बाटल्यांच्या डिपॉझिटची भाषा या वर्गाला मुखपाठ आहे, दोघेजण कोल्ड्रिंकच्या गोडाऊनमध्येच कामाला आहेत. दर रविवारी रात्री एक वेळ चांगलं जेवायला मिळावं म्हणून तो सात मैल चालत हरे कृष्ण मंदिरात जायचा. सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर, साधारण परळहून कुलाब्याला पायी. "रिकाम्या पोटी?" एकीने विचारलं. ती घरकाम करते, चार घरं. तिला अंतराचं काही वाटलं नाही, पोटाचं वाटलं.

दुसऱ्या गोष्टीत तिशीत त्याला त्याच्याच कंपनीतून काढतात. त्यावर मागून आवाज आला, "फुल अँड फायनल दिलं का सर?" तिसरी गोष्ट मरणाची आहे. ती मी वर्गात घेतली नाही. आमच्या बाकांवर बाप गेलेली पोरं फार.

आणि शेवटचं ते प्रसिद्ध वाक्य. खरं तर ते त्याचं नव्हेच, एका जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानावरचं, आणि तसं तो भाषणात सांगतोही. मी फळ्यावर मराठी केलं, 'भुकेले राहा, वेडे राहा.' साडेआठ वाजलेले. डिलिव्हरीचं काम करून थेट वर्गात येणारा एक जण म्हणाला, "सर, आहोतच." वर्ग हसला, मीही हसलो, घंटा झाली. आता लिहिताना वाटतं, तिथेच सावध व्हायला हवं होतं.

तर बुधवारी स्टिकर दाखला मागत होता.

कारण नुसतं जॉब्स नव्हतं, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. २०२३ चा नोव्हेंबर होता. दुकानांवर मराठी पाट्या लावा, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम आधीचा. पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरअखेर दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती २५ नोव्हेंबरला संपत होती. वर्षभर झोपलेले दुकानदार शेवटच्या पंधरवड्यात जागे झाले. नंबर प्लेटचा धंदा तर या दुकानांच्या हातून सुटतच चालला होता, २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच शोरूममधून बाहेर पडतात. त्यामुळे पाट्यांची ही लाट शेठला सोडवत नव्हती. संध्याकाळी पाच ते रात्री बारा थांबलास तर महिन्याला चार हजार जादा, असं तो पोराला म्हणाला होता.

"नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरीन सर. बाहेरून परीक्षा देईन."

सतरा नंबरचा फॉर्म 'नंतर' भरणारे मी बरेच पाहिलेत. नाक्यावर भेटले की मान खाली घालतात.

"रात्री बोलू," एवढंच म्हणालो. त्या दिवशीचे तीन तास मी काय शिकवलं, मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत केळी आणि बिस्किटं वाटताना सोमवारची झेरॉक्स पुन्हा काढून वाचली. राग जॉब्सचा नव्हता, स्वतःचा होता. ज्यांची शाळा एकदा सुटली आणि जी पोरं दिवसभर राबून परत शाळेत आली, त्यांच्यापुढे उभं राहून मी कॉलेज सोडण्याची गोष्ट चव घेऊन सांगितली होती. भरल्या पोटाच्या पोरांसाठी केलेलं भाषण. ते ज्यांच्यापुढे झालं ती पोरं त्या दिवशी स्टॅनफर्डची पदवी घ्यायला आलेली.

साडेनऊला शाळा सुटली, तसा चालत लालबागला गेलो. फ्लायओव्हरखालून गल्लीत शिरलं की आधी चिवड्याचा वास येतो आणि मग थिनरचा. दुकान म्हणजे दहा बाय आठची जागा. प्लॉटर करकर आवाज करत चाललेला, जमिनीवर फ्लेक्सचे रोल, भिंतीला टेकवलेल्या सात-आठ पाट्या. स्टिकर जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर पिवळं व्हिनाइल, हातात सुई.

प्लॉटर अक्षराची फक्त कड कापतो. अक्षराभोवतीचं जादाचं व्हिनाइल हाताने सोलून काढावं लागतं, 'ब'च्या पोटातलं, 'ई'च्या वळणातलं, 'र्स'च्या रफाराखालचं. सुईच्या टोकाने कड उचलायची, चिमटीत धरायची आणि श्वास रोखून ओढायची. घाई केली तर अक्षरच सोबत येतं. मग वर पारदर्शक टेप, घासायचं, उचलायचं, पाटीवर बसवायचं. पोराचं नख पिवळं झालं होतं.

पाटी कुठल्याशा ज्वेलर्सची होती. मालकाने नाव व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं. दुकानाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर रफार 'स'च्या डोक्यावरून उतरून शेजारी उभा राहिलेला आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागलेली. स्टिकरने ते स्क्रीनवर एकेक तुकडा हलवून जुळवलं होतं. शेठ म्हणाला, "मास्तर, याच्यासारखं मराठी कोणाला जमत नाही. बाकीचे पोरगे युपीचे, ते मात्रा मोजून बसतात."

कौतुकच होतं ते. पण तेच कौतुक पोराला शाळेतून उठवून दुकानात बसवत होतं.

मी स्टुलावर बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो. खिशातून झेरॉक्स काढली आणि म्हटलं, "सोमवारी मी एक परिच्छेद घाईत उरकला. ऐक."

कॉलेज सोडल्यावर जॉब्स घरी गेला नाही, हा तो परिच्छेद. नाव काढून घेतलं, सक्तीचे विषय सोडले आणि पुढची दीड वर्षं त्याच कॉलेजात, जे आवडतील त्या वर्गांत जाऊन बसला. त्यातला एक कॅलिग्राफीचा. तिथे तो शिकला की अक्षरांच्या वेगवेगळ्या जोड्यांमध्ये जागा किती सोडायची, चांगली छपाई चांगली का दिसते. उपयोग शून्य. दहा वर्षांनी पहिला मॅकिंटॉश कॉम्प्युटर बनवताना ते सगळं त्याला आठवलं. १९८४ च्या त्या मशीनमध्ये सुंदर अक्षरं आली ती अशी.

सुई थांबली.

"अक्षरांमधली जागा? असं लिहिलंय?"

मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने बोट ठेवून इंग्रजी वाचलं, एकेक शब्द जोडत. 'स्पेस' हा शब्द त्याला रोजचा. मग तो उठला, भिंतीची एक पाटी फिरवून माझ्याकडे केली. दुसऱ्या दुकानातून आलेली, दुरुस्तीला. मोबाईलच्या दुकानाची. अक्षरं लांबीला भरावीत म्हणून कोणीतरी कॉम्प्युटरवर नुसतं अंतर वाढवलं होतं आणि शिरोरेषा ठिकठिकाणी तुटलेली.

"बघा सर. 'मो' आणि 'बा'मधून लोकल जाईल."

खरंच जाईल असं अंतर होतं.

"मी रेघ वेगळी कापतो," तो म्हणाला. "अक्षरं आधी खाली नुसती लावायची, डोळ्याने. मग वरून एकच पट्टी, सलग. 'ग'ला जास्त जागा लागते, त्याचा कान सुटा असतो. 'र' बारीक, त्याला जवळ घ्यायचं. मशीनला हे कळत नाही, मशीन सगळ्यांना सारखं अंतर देतं." थोडा वेळ पाटीकडे बघून म्हणाला, "त्याला सोपं होतं सर. त्याच्या अक्षरांना वर रेघ नव्हती."

इतकी वर्षं मी ते भाषण वाचतोय. हे मला कधी सुचलं नाही, सुचणारही नव्हतं.

मग मी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या भाषणात नाहीत. त्या मॅकच्या फॉन्टना सुझन केअर आणि तिच्या सहकाऱ्याने आधी फिलाडेल्फियाजवळच्या लोकल स्टेशनांची नावं दिली होती. जॉब्स म्हणाला, शहरांचीच नावं द्यायची तर जगातल्या मोठ्या शहरांची द्या, म्हणून शिकागो, जिनिव्हा, न्यूयॉर्क. स्टिकरला जॉब्सचं हे पटलं नाही. "स्टेशनं काय वाईट होती? करी रोड ठळक, चिंचपोकळी बारीक." दुसरी गोष्ट अशी की तो ज्या कॉम्प्युटरवर बसतो त्यातला 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींनी केलेला, आणि ते पवईला आयआयटीत शिकवायचे. जे. जे. कलाशाळेत अक्षरांचं रीतसर शिक्षण मिळतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. जे. जे. म्हणजे हॉस्पिटल, एवढंच त्याच्या डोक्यात.

"तिथे दहावी पास लागते?"

"बारावीसुद्धा लागेल. आणि प्रवेश परीक्षा."

तो पुन्हा सुई घेऊन बसला. मी शेठकडे वळलो. शेठ वाईट माणूस नाही, त्याचं बोलणं सरळ होतं. पंचवीस तारखेनंतर हीच पाटी कोण विचारणार? मग घेऊन जा तुमचा पोरगा. मी म्हटलं, मधले दिवस तो बुडवेल ते कोण भरून देणार? आमची घासाघीस चहाच्या दोन कटिंगवर चालली. अखेर ठरलं असं, की रोज दोन तास, गणित आणि इंग्रजी, तो शाळेत येणार. बाकीचे विषय पंचवीस तारखेनंतर. रात्री नऊला दुकानात परत. चार हजारांतले हजार कापले जाणार. त्या हजारावर शेठ अडून बसला आणि मलाही तो त्याचा हक्कच वाटला. हजेरीचं काय, हे मी मुख्याध्यापकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विषय बदलला. आमच्या शाळेत होकार असाच देतात.

निघताना साडेदहा होऊन गेले होते. स्टिकर गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. बंद शटरांवरच्या पाट्या मी वाचत चाललो होतो आणि लक्षात आलं की शब्द वाचतच नाहीये, फक्त फटी दिसतायत. इथे रेघ तुटलीय, तिथे 'श' कोंबलाय. ही खोड मला त्या रात्री लागली ती अजून सुटलेली नाही.

"सर," तो म्हणाला, "त्या अक्षरांच्या वर्गाची त्याने परीक्षा दिली होती का?"

"नाही. नाव काढलेलं होतं, परीक्षा कसली?"

"आणि मला द्यावी लागेल."

"मार्चमध्ये. गणिताचीसुद्धा."

"मग त्याचं बरं होतं," स्टिकर म्हणाला आणि दुकानाकडे वळला. अजून तीन पाट्या सोलायच्या राहिल्या होत्या.