थैली फिरण्याआधी

मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार. मिशनसाठी, म्हणजे बाहेरच्या सुवार्तेच्या कामासाठी, पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) लोकांकडे कसं मागावं, याबद्दल हे चार शब्द. उपासना संपली की दानाची थैली माझ्यासमोर रिकामी होते, त्यामुळे वेदीवरून काय बोललं गेलं आणि टेबलावर काय पडलं याचा मेळ आपसूकच लागतो. बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय काढून दशांशावरून (कमाईचा दहावा भाग देण्यावरून) झाडलं की त्या रविवारी दहाच्या नोटा वाढतात. पुढच्या महिन्यात परत जैसे थे.

आमच्याकडे एक जुनी सवयही आडवी येते. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, मागे अमेरिकेतल्या मंडळ्यांचा पैसा. पुढे मिरजेला वॉनलेस डॉक्टरांचं हॉस्पिटल झालं, तेही तसंच. म्हणून ‘मिशन देईल की’ हे आज्जीच्या पिढीच्या तोंडी बसलं. पण तो पैसा तिकडच्या कुणा कुणा बाईने पोटाला चिमटा काढून दिला होता, हे आमच्या पोरांना पाळकांनीच सांगायला हवं. आता पाळी आपली आहे, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश थोडक्यात आटोपून डोंगरी भागातल्या एका सेवकाचं पत्र वाचलं. मोटारसायकलची चेन तुटलीय, पण मागणं चेनचं नव्हतं. म्हाताऱ्यांना दिसत नाही, मोठ्या अक्षरांची बायबलं पाठवा, एवढंच. त्या दिवशी कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींनी कमरेची पिशवी सोडून ओलसर नोटा माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, “चेनचं बी बघा वो.” दोन महिन्यांनी साहेबांनी उलटं पत्र वाचलं: बायबलं पोचली, चेन बसली. हे दुसरं पत्र वाचायला बहुतेक पाळक विसरतात, आणि तिथंच गाडं अडतं. बायबलातल्या पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना तीत या आपल्या सोबत्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, का, तर पैशावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. हिशोब फलकावर लावा म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

आणि वेळ बघा. उसाचं बिल खात्यात यायच्या आधी शेतकऱ्याकडे मागून काय मिळणार? मिझोरामच्या बायका १९१० पासून दर जेवणाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो विकून सुवार्तेचं काम चालतं. तिथं बिलाची वाट बघावी लागत नाही. आमच्या महिला मंडळात हा विषय मी काढलाय. रेशनच्या तांदळावरून हशा झाला, पण दोघी-तिघींनी डबे ठेवलेत.

देणाऱ्यांची नावं रकमेसकट वाचणं मात्र बंद करा. मावशी त्या यादीत कायम शेवटी येतात.

हंगामाच्या सणाचा, म्हणजे चर्चला वाहिलेल्या पिकाचा, लिलाव आता तोंडावर आलाय. लाल भोपळा घेणारा तो परत लिलावात टाकतो, म्हणून एकच भोपळा तीनतीनदा विकला जातो. यंदा मंडळीच्या पंचांना सगळी रक्कम चर्चच्या छपराला हवी आहे. छप्पर गळतं, हे खरंच. मी निम्मी मिशनला मागणार आहे. शनिवारी बैठक आहे, वाजणार.